घनता, दाटपणा आणि लोहाराचा घण

यवतमाळकडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, वस्तूची घनता काढायला शिकवताना मुले ‘दाट’ आणि ‘घन’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतात, ते चालेल काय. आणि घनता व घनफळ या दोन्ही शब्दांत ‘घन’ कसा आला.

चालणार नाही. ‘तेल पाण्यापेक्षा दाट, म्हणून त्याची घनता जास्त’ हे वाक्य मुलांकडूनच नव्हे, तर शिकवणाऱ्यांकडूनही ऐकून माझे कान किटले आहेत. द्रव किती सावकाश वाहतो, हा दाटपणा. त्याला पुस्तकी शब्द श्यानता. ठरावीक जागेत किती वस्तुमान सामावले आहे, ही घनता. तेल दाट असूनही पाण्यावर तरंगते, आणि एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेले असते, तेव्हा दुकानदाराने ९० ग्रॅम मारले असे समजून भांडू नये.

आता खरी गंमत. ‘घन’ हा शब्द ‘हन्’ या संस्कृत क्रियाधातूपासून, म्हणजे मारणे, ठोकणे यापासून आलेला आहे. पाणिनीने त्यासाठी ‘मूर्तौ घनः’ असे स्वतंत्र सूत्रच केले. येथे मूर्ती म्हणजे काठिण्य, आणि काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरील जुन्या टीकेत त्याचे एक उदाहरण ‘दधिघन’, म्हणजे घट्ट लागलेले दही, असे आहे. (तेव्हा मुलांची गफलत अगदीच निराधार नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.) पण आपल्या गावातला लोहार तापलेल्या फाळावर जो घण घालतो, तोही हाच शब्द आहे. ‘घन म्हणजे ढग, ढग दाट, म्हणून घनता’ अशी व्युत्पत्ती सांगणाऱ्या विद्वानांनी ऐरणीजवळ कधी अर्धा तास काढलेला दिसत नाही. जुन्या भट्टीतून निघणारे लोखंड स्पंजासारखे सच्छिद्र आणि मळीने भरलेले असे. ते तापवून ठोकले की मळी बाहेर पडे, पोकळ्या बुजत आणि गोळा भरीव होई. अशी लोखंड गाळण्याची महापाषाणयुगीन भट्टी नागपूरजवळ नैकुंडच्या उत्खननात सापडलेली आहे. घणाने ठोकून जे भरीव झाले ते घन, असे माझे मत आहे, आणि ढगाला हे नाव मागाहून मिळाले असावे.

भरीव वस्तूला लांबी, रुंदी आणि उंची असते. त्यामुळे गणितात तोच शब्द तीन समान संख्यांच्या गुणाकाराला लागला. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये घनाची व्याख्या करताना हा गुणाकार आणि बारा कडांची आकृती असे दोन्ही अर्थ सांगितले. असे किती एकक घन वस्तूत मावतात, ते घनफळ. विज्ञानाच्या पुस्तकात त्यालाच आकारमान म्हणतात. म्हणजे घनफळातला ‘घन’ आकृतीचा आणि घनतेतला ‘घन’ भरीवपणाचा.

राहता राहिला हिशेब: वस्तुमान भागिले घनफळ. नांगरताना निघालेला वेडावाकडा काळा दगड किराणा दुकानाच्या काट्यावर ५८० ग्रॅम भरला आणि मापाच्या भांड्यात बुडवल्यावर पाणी २०० मिलिलिटरने, म्हणजेच २०० घन सेंटिमीटरने चढले, तर त्याची घनता दर घन सेंटिमीटरला २.९ ग्रॅम, पाण्याची एक. कापूस मात्र पाण्यात बुडवून मोजू नये, कारण तो पाणी पितो आणि मोजणी फसते. त्याच्यासाठी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात जावे. तेथे सैल रुई दाबून १७० किलोच्या आसपासची गाठ बांधतात, तेव्हा वजन तेच राहते आणि जागा तेवढी आक्रसते, म्हणून गाठीची (तंतूंची नव्हे) घनता वाढते. तेथे घण पडत नाही, दाब पडतो; पण तोही ‘हन्’चाच धाकटा भाऊ आहे, असे मी मानतो.