फाटलं की फाडलं?

मालवणहून एकांनी विचारलंय, एका कथेत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाच्या प्रसंगात ‘दोर तुटला, जाळं फाटलं’ अशी वाक्यं आहेत, तर फंक्शनल लिंग्विस्टिक्सच्या, म्हणजे वाक्यरचना अर्थासाठी काय काम करते हे बघण्याच्या अंगाने लेखकाने तिथे कर्मणी प्रयोग का निवडला?

अहो, पण हा कर्मणी नाहीच! करणारा दिसला नाही की ठोक पॅसिव्ह, हे गाइडवाल्यांनी लावून दिलेलं खूळ. ‘जाळं फाटलं’ चक्क कर्तरी आहे, जाळंच कर्ता. उलट ‘नाऱ्यानं जाळं फाडलं’ हा कर्मणी, म्हणजे नाऱ्या नावानिशी समोर उभा आहे तिथे! केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ पासून आहे, पण ते उघडतो कोण.

खरी गंमत ट आणि ड मध्ये आहे. संस्कृत त्रुट्यति, प्राकृतात तुट्टइ, तिथे ट दुप्पट झाला म्हणून टिकला आणि आपल्याकडे ‘तुटणं’ आलं. त्रोटयति मधला ट मात्र दोन स्वरांच्या मधे एकटा सापडला, त्याचा झाला ड, म्हणून ‘तोडणं’. फुटणं-फोडणं, फाटणं-फाडणं त्याच वळणाची. म्हणजे या जोड्यांत ट आला की आपोआप झालं, ड आला की कुणीतरी केलं! माझं तर मत आहे की कथेतले हे ट आणि ड दोन रंगांनी अधोरेखित करा, निम्मं विश्लेषण तिथेच झालं, आणि किनाऱ्यावरचा माणूस नुकसान सांगताना बहुतेक ट मध्येच बोलतो, कारण समुद्रावर आळ घेऊन करणार काय.

फंक्शनल लिंग्विस्टिक्सवाला भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे, त्याने १९७१ मध्ये गोल्डिंगच्या ‘द इनहेरिटर्स’ या कादंबरीवर असंच काम केलं. त्यातल्या लोक नावाच्या आदिमानवाला माणूस धनुष्य ताणतोय हे कळतच नाही, त्याला नुसती काठी आखूड होताना दिसते. झकास. पण आपले काही प्राध्यापक हॅलिडेचे तक्ते जसेच्या तसे मराठीवर चिकटवतात आणि ‘नाऱ्याच्या हातून जाळं फाटलं’ मधलं ‘हातून’ ‘परिस्थिती’, म्हणजे कुठे-कसं सांगणारा बाजूचा तपशील, म्हणून कोपऱ्यात टाकतात, ते मला साफ नामंजूर. नाऱ्या आहे, पण दोष त्याचा नाही, क्रियापद ट वालंच, सगळी गोम त्या ‘हातून’ मध्ये.

हां, तुमचा प्रश्न, लेखकाने असं का केलं. ते दोन वाक्यांवरून नाही सांगता येणार, रापणीचं अख्खं पान टाइप करून पाठवा, नाऱ्यासारखं कुणाचं नाव ‘ने’ लागून पहिल्यांदा कुठे येतं ते बघायचंय.