आंगणातली झाडं: मेसोबत श्रावणही पाहा

प्रश्न: दारव्ह्याजवळच्या गावात आम्ही दोन वर्षांपूर्वी घर बांधलं. समोर चाळीस बाय वीस फुटांचं आंगण आहे, जमीन काळी. बोअर मार्च सरला की आटते. म्हणून कमी पाण्यावर जगतात असं सांगतात तीच झाडं आणली: कोरफड, खुरचाफा, शेवगा, बोगनवेल. खड्डे खणून, शेणखत घालून लावली. दोन्ही वर्षी बहुतेक गेली, उरली ती शेळ्यांनी खाल्ली. काकू, आमच्याकडे काय जगेल? दोन वर्षांची नात आहे, तिला फुलांचं फार वेड आहे.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, झाडं कोणत्या महिन्यात गेली ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज सांगते. श्रावण-भाद्रपदात गेली असतील.

माझीही तशीच गेली होती. आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी मी चार खुरचाफे लावले होते. विकणारा म्हणाला होता, "पाणी नाही देलं तरी चालते." ते खरंच आहे, चाफा खोडात पाणी साठवून ठेवतो. गुडघाभर खड्डे घेतले, मुरूम आणि शेणखत भरलं. मग आठवडाभर झड लागली. पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. शेवटी एक रोप धरून ओढलं तर ते अलगद हातात आलं. मुळाची साल लसणाच्या टरफलासारखी बोटांत सुटली, आतलं मूळ तपकिरी, लिबलिबीत झालेलं, आंबूस वास येत होता. खड्ड्यात वीतभर पाणी उभं होतं.

आपली काळी माती फार बारीक कणांची आहे. भिजली की फुगते आणि पाणी खाली जायची वाट बंद होते. अशा जमिनीत खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली की त्याचं टाकं होतं. आजूबाजूचं पाणी त्यातच मुरतं आणि मुळांना हवा मिळत नाही. हीच माती मे महिन्यात आकसते. गेल्या उन्हाळ्यात अंगणातल्या भेगेत मी तुराटी घालून पाहिली, माझ्या कोपरापर्यंतच्या हाताएवढी आत गेली. भेगेच्या दोन्ही कडांना बारीक पांढरी मुळं तुटून लोंबत होती. म्हणजे आपल्याकडच्या झाडाला चार महिने चिखल सोसायचा असतो आणि नंतर मुळं तुटण्याइतका कोरडेपणा. कोरफडीला तहान सोसते, चिखल सोसत नाही. तुम्ही निवडताना फक्त मे महिना पाहिला, त्यात तुमची चूक नाही, सगळे तेवढंच सांगतात.

आता काय करायचं? यंदा एखादा चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आंगणात हातभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे निचरा लागणारं झाड लावायचं नाही. ही परीक्षा उन्हाळ्यात घेऊ नका. तेव्हा पाणी भेगांतून गडप होतं आणि जमीन निचऱ्याची आहे असा गैरसमज होतो.

घर नवं आहे, म्हणजे जोत्याभोवती मुरमाचा भराव पडला असेल. ती जागा मोलाची आहे. चाफा, बोगनवेल, पारिजातक, शेवगा आणि सीताफळ तिथेच लावा, पण झाडं भिंतीपासून अंतर राखून. भराव नसेल तर दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा, खड्डा नको.

उरलेल्या काळ्या जमिनीसाठी वावराच्या धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठावर फिरून या. एकदा मे महिन्यात, एकदा श्रावणात. दोन्ही वेळा जे हिरवं दिसेल ते आपलं. पळस, करंज, निरगुडी तुम्हाला दिसतीलच. करंज पश्चिमेला लावा, दुपारचं ऊन अडवतो. त्याच्या शेंगा मात्र झाडून टाकत जा, बी कडू आणि बाधणारं असतं. निरगुडीला निळसर जांभळे तुरे येतात, मधमाश्या दिवसभर त्यावर असतात, आणि शेळी तिला सहसा तोंड लावत नाही. तोच गुण अडुळशाचा आणि सीताफळाचा. बाकीच्या रोपांभोवती बोराटीच्या काट्या रोवा. कण्हेरही दोन्ही ऋतू काढते, पण तिचं पानापासून मुळापर्यंत सगळं विषारी आहे. नात मोठी होईस्तोवर ती लावू नका.

नातीसाठी तेरडा पेरा. मृगाच्या पावसावर उगवतो, पावसाळ्यातच फुलतो, आणि उन्हाळा त्याचं बी डब्यात काढतं. पिकलेली बोंडं बोट लावताच फुटतात, लेकरांना त्याचं फार कौतुक वाटतं.

पहिली दोन वर्षं पाणी द्यावंच लागेल, कितीही काटक झाड असलं तरी. रोज तांब्याभर देऊ नका, त्याने मूळ वरच राहतं. आठ दिवसांनी दोन बादल्या द्या. किंवा रोपापासून हातभर अंतरावर जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा. रंग दिलेलं मडकं पाझरत नाही, ते नको. भेगा पडायला लागल्या की खुरप्याने वरची माती हलवून त्या बुजवा आणि वर सोयाबीनचं कुटार चांगलं वीतभर पसरा. कुटार खोडाला मात्र टेकवू नका, वाळवी लागते. डवरणीला, म्हणजे अशी वरची माती हलवण्याला, अर्धं पाणी का म्हणतात ते तेव्हा कळतं. न्हाणीचं पाणी चालेल, कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी नको. त्याने काळी माती चोपण होते, मग पाऊसही आत शिरत नाही.

पहिल्या वर्षी पाचच झाडं लावा, ताई. ती जगवली की पुढची पाच.

प्रश्न: मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. काढून टाकू का?
– एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर: काढू नका. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी तोडा, थंडी सरताना छाटणी करून शेणखत द्या आणि मगच पाणी सुरू करा. तुमच्याकडे एकच मडकं पुरण्याइतकं पाणी असेल तर ते मोगऱ्याशेजारी पुरा. एप्रिलमध्ये कळ्या धरल्या की दुपारनंतर मडकं रिकामं आहे का तेवढं पाहत जा.