पिकातल्या हिरव्या रेषा: प्राचीन शेतं कोणती, निचऱ्याचे नळ कोणते?

तुम्ही टाकलेला फोटो इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या उत्तर भागाचा, जुलै २०१८ चा. पिवळ्या पडलेल्या बार्लीत हिरव्या रेषांची जाळी दिसतेय, ही प्राचीन शेतं आहेत का, असा प्रश्न. बरीचशी आहेत; सगळ्या रेषा मात्र नाहीत.

आधी एक गैरसमज. दिसतोय तो बांध नव्हे, बांधालगतचा बुजलेला चर. बांध नांगरटीत केव्हाच सपाट झाला. चरात माती खोल, ओल टिकते, म्हणून भोवतालचं पीक पिकलं तरी चरावरचं हिरवं राहतं, उंचही वाढतं. गाडलेल्या दगडी पायावर उलट: पीक खुरटतं, आधी पिवळं पडतं. फोटोतल्या भागातली जमीन वाळूदगडावरची, हलकी, पाणी न धरणारी आणि २०१८ चा उन्हाळा कोरडा, त्यामुळे खुणा इतक्या ठसठशीत उठल्या. चिकण मातीत हा फरक पुसट होतो. आपल्या काळ्या जमिनीत तर भेगा पडून माती वरखाली होते, त्यामुळे हीच अपेक्षा तिथे ठेवू नका.

याच पट्ट्यात हवाई छायाचित्रांतून पुरातत्त्वाचा अभ्यास करणारे डेरिक रायली यांनी १९७० च्या दशकात विमानातून फोटो घेऊन ही शेतं उजेडात आणली. मांडणीला नाव पडलं 'ब्रिकवर्क', कारण ती विटांच्या भिंतीसारखी दिसते: लांबच लांब समांतर रेषा, मध्ये आडवे चर, आणि शेजारच्या पट्ट्यातले आडवे चर एका ओळीत नाहीत. काळ साधारण लोहयुगाचा शेवट ते रोमन अमल.

आता तुमचा फोटो. रंगावर जाऊ नका, आधी मोजा. गूगल अर्थची मोजपट्टी लावून रेषेची रुंदी बघा. चर बहुधा १ ते २ मीटरचा असतो. मग त्यातलीच जुन्या फोटोंच्या वर्षांची पट्टी मागेपुढे सरकवा. वेगळ्या वर्षी, वेगळ्या पिकात तीच रेषा त्याच जागी आली तर ती जमिनीत आहे. एकाच वर्षी दिसली तर खताचा पट्टा चुकल्याचाही संशय घ्या. तिसरं, रेषा आजच्या कुंपणाखालून सरळ पलीकडच्या शेतात जाते का? जात असेल तर ती कुंपणापेक्षा जुनी असण्याची शक्यता मोठी. शेवटी एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या) नकाशावर ती रेषा शोधा. सापडली तर ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होतं ते कुंपण, पुढे काढून टाकलेलं. सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण ते चरही अगदी तसेच हिरवे दिसतात.

तुमच्या फोटोतल्या, ठराविक अंतराने येणाऱ्या जोडरेषा ट्रॅक्टरच्या चाकांच्या आहेत. जोडीतलं अंतर जेमतेम दोन मीटर. वेड्यावाकड्या बहुकोनी भेगा दिसल्या तर त्या हिमयुगात गोठलेल्या जमिनीच्या. मंद उलट्या 'एस'सारखे वळणारे जवळजवळचे पट्टे म्हणजे मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे-सऱ्या.

वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन चर समांतर येऊन टोकाला नरसाळ्यासारखे फाकतात, ती गुरांची वाट वाटते. शेतांच्या जाळ्याला ती जोडलेली आहे, हे महत्त्वाचं: म्हणजे ती शेतांच्याच काळातली असावी. नेमका काळ फोटोतून कळणार नाही. त्यासाठी चरात आडवा खड्डा घेऊन तळातली खापरं बघावी लागतात. ओढ्याकाठची माशाच्या काट्यासारखी नक्षी मात्र प्राचीन शेतांत धरू नका. ते निचऱ्याचे नळ आहेत.