चाचणीत सहभागी व्हावे का?

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना एका संशोधन-चाचणीत सहभागाविषयी विचारण्यात आले. ‘माझ्यावर प्रयोग करणार’ या धास्तीने त्यांची झोप उडाली असून त्या कोणाशी धड बोलत नाहीत. काय करावे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : धास्ती स्वाभाविक आहे, परंतु अशा चाचणीत सहसा प्रचलित उपचार मिळतातच आणि नव्या उपायाची तुलना त्यांच्याशी केली जाते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे १६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे, अगदी स्वस्त औषध टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ९०.१ टक्के, तर इतरांत ८६.४ टक्के होते. संमतिपत्र मराठीतच मागावे आणि घरी आणून सावकाश वाचावे. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

झोप उडणे आणि अबोला हे मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि समुपदेशकाची वेळ मागा. भेटीला येणाऱ्या आप्तांना ‘सगळे ठीक होईल’ हे पालुपद आवरायला सांगा (ते कठीणच!), कारण ते ऐकल्यावर जाऊबाईंना स्वतःची भीती बोलून दाखवायला जागाच उरत नाही.