वाचकांचे प्रश्न: महागाई, सरकारी मदत आणि कागदपत्रे

गेल्या दोन महिन्यांत सांगली जिल्ह्यातून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत: घरखर्च वाढला, सरकारने मदत जाहीर केली आहे असे ऐकतो, मग ती आमच्यापर्यंत का पोहोचत नाही? सर्वच पत्रांना येथे उत्तर देणे शक्य नाही, म्हणून ज्यांचा प्रश्न इतर अनेकांचाही असावा अशी सहा पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्याची सारी नोकरी तहसील कार्यालयात झाली असल्याने कागदपत्रांचा विषय थोडा लांबला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न: मी तासगाव तालुक्यात बेदाणा निवडण्याच्या शेडवर रोजाने जाते. ‘लाडकी बहीण’ योजनेचा माझा अर्ज मंजूर आहे, ई-केवायसीही झाली आहे. शेजारणीचे पैसे येतात, माझे चार महिने आले नाहीत. बँकेत विचारले तर ‘तुमचे आधार खात्याला जोडलेले आहे’ एवढेच सांगतात. चूक कोणाची?

उत्तर: बहुधा कोणाचीच नाही, आणि पैसेही बहुधा बुडालेले नाहीत, ते दुसऱ्या खात्यात जमा झालेले असण्याची शक्यता जास्त आहे. बँक ज्याला ‘आधार जोडलेले’ म्हणते, त्याचे दोन अर्थ होतात. खाते उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून आधार क्रमांकाची नोंद करणे ही एक गोष्ट आणि सरकारी अनुदान कोणत्या बँकेत पाठवायचे याच्या राष्ट्रीय नोंदीत त्या बँकेचे नाव असणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला बँकेत ‘आधार सीडिंग’ म्हणतात. एका आधार क्रमांकासमोर त्या नोंदीत एका वेळी एकाच बँकेचे नाव असते, आणि ज्या बँकेने शेवटी सीडिंग केले तिच्याकडे पैसे जातात. आपण अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला होता, याला तेथे महत्त्व उरत नाही.

आपण मध्यंतरी कोठे नवे खाते उघडले होते का, हे आठवून पाहा. बचत गटाच्या कर्जासाठी, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा गावात कोणी यंत्र घेऊन आला आणि अंगठा घेऊन पाच मिनिटांत खाते काढून गेला, तेव्हा. अशाच तक्रारीसाठी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीतून पाच पासबुके काढून टेबलावर मांडली. त्यांतली तीन त्यांना स्वतःलाच आठवत नव्हती, आणि पैसे नेमके चौथ्यात होते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहता येते, मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला असेल, तर सेवा केंद्रात किंवा घरातील शिकत्या मुलाकडूनही हे काम होते. तेथे ज्या बँकेचे नाव दिसेल, तेथे जाऊन पासबुक भरून घ्या. पुढील हप्ते नेहमीच्या खात्यातच हवे असतील, तर त्या बँकेत आधार सीडिंगचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘आधार जोडा’ एवढेच तोंडी सांगितलेत, तर पुन्हा तेच उत्तर मिळेल.

प्रश्न: माझे पती मागील वर्षी वारले, ते 46 वर्षांचे होते. दोन मुले आहेत, 9 आणि 13 वर्षांची. आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यात दिरांच्या घरात वेगळ्या खोलीत राहतो. मला संजय गांधी निराधार योजनेचे 1,500 रुपये नुकतेच सुरू झाले. त्याबरोबर ‘लाडकी बहीण’चेही मिळतील का? माझ्या जाऊबाईंना मिळतात.

उत्तर: ताई, दोन्ही मिळणार नाहीत. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा 1,500 किंवा त्याहून अधिक रक्कम मिळत असेल, तर ती महिला ‘लाडकी बहीण’साठी अपात्र ठरते. दोन्हींची रक्कम सारखीच असल्याने निराधार योजना सोडून तिकडे जाण्यातही लाभ नाही. या एका प्रश्नापायी आपण फेऱ्या मारू नयेत. त्याच फेऱ्या ज्या दोन गोष्टींसाठी माराव्यात, त्यांचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही.

पहिली गोष्ट बालसंगोपन योजनेची. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असलेल्या, 18 वर्षांखालील गरजू मुलांसाठी दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आपल्या दोन मुलांचे 4,500 होतात, म्हणजे ज्या रकमेसाठी आपण पत्र लिहिले तिच्या तिप्पट. ही योजना तहसीलदारांकडे नसून महिला व बालविकास विभागाकडे आहे, आणि तहसीलच्या खिडकीवर तिची माहिती सहसा कोणी आपणहून देत नाही. मुलांचे आधार व शाळेचा बोनाफाईड दाखला, पतीचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन सांगलीच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. मुलांची व घराची चौकशी झाल्यानंतर बालकल्याण समिती आदेश काढते. यात वेळ जातो, म्हणून लगेच अर्ज करावा.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती 18 ते 59 या वयात वारली, तर कुटुंबाला एकदाच 20,000 रुपये मिळतात. हा अर्ज मात्र तहसील कार्यालयातच, आपल्या निराधार योजनेच्या टेबलावरच करायचा असतो. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का, ते ग्रामपंचायतीत पाहून घ्या.

रेशनकार्डाबद्दल एक सावधगिरी. आपले नाव अजून दिरांच्याच कार्डावर असेल, तर उत्पन्नाची चौकशी करताना सर्वांचे उत्पन्न एकत्र धरले जाण्याचा धोका आहे. निराधार योजनेची वार्षिक उत्पन्नमर्यादा 21,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 1,750. योजनेतूनच वर्षाला 18,000 रुपये मिळतात हे लक्षात घेतले, तर ही मर्यादा किती चिंचोळी आहे ते दिसते. दिरांच्या द्राक्षबागेचे उत्पन्न त्यात धरले गेले तर ती ओलांडायला एक तोडणीही पुरेल. आपली चूल खरोखर वेगळी आहे, तेव्हा कार्डही वेगळे करून घेणे योग्यच आहे. मात्र दाखल्यावर उत्पन्न कमी लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते अहवाल देतात, दाखल्यावर सही तहसीलदारांची असते, पण स्वयंघोषणेवर सही आपली असते.

आणखी एक, कारण आपण पत्रात स्टँपपेपरच्या खर्चाचे लिहिले आहे. शासकीय कार्यालयात सादर करायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो. पाचशेचा कागद आणा असे बाहेर बसलेला सांगत असेल, तर आत जाऊन विचारा.

प्रश्न: मी विट्यात यंत्रमागावर कामाला आहे. महिन्याला सुमारे 11,000 रुपये मिळतात, घरी चार माणसे. आमचे कार्ड केशरी आहे, शेजाऱ्यांचेही केशरी. त्यांना धान्य मिळते, आम्हाला नाही. दुकानदार म्हणतो, ‘वरून आले नाही.’

उत्तर: दुकानदार खोटे बोलत नाही, पण पूर्ण बोलत नाही. कार्डाचा रंग आणि धान्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्ड 15,000 ते 1 लाख रुपये वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे; त्यांपैकी ज्यांची नावे अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांच्या यादीत आहेत, त्यांनाच माणशी 5 किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो मिळते. हे धान्य 1 जानेवारी 2023 पासून मोफत आहे. प्राधान्य यादीसाठी उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपये आहे. आपले वार्षिक उत्पन्न 1,32,000 होते, तेव्हा नियमाने आपण यादीत तर बसत नाहीच, पण खरे पाहता केशरी कार्डाच्याही वर जातो. आपल्याला बरे वाटेल असे उत्तर देता येत नाही, याचे वाईट वाटते.

परंतु या मर्यादेकडे एकदा नीट पाहावे असे मला वाटते. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा मजुरी दर दिवसाला 312 रुपये होता. या दराने एकट्या मजुराने वर्षात 142 दिवस काम केले, की त्याचे उत्पन्न 44,000 च्या वर जाते. म्हणजे सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर पाच महिनेही काम मिळाले नाही, तरच ग्रामीण कुटुंब कागदोपत्री गरीब ठरते. त्यातच राज्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, जिला पुरवठा खात्यात ‘इष्टांक’ म्हणतात, 7 कोटी 16 हजार आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. इष्टांक भरलेला असेल, तर पात्र कुटुंबालाही जुने नाव कमी होईपर्यंत थांबावे लागते. आपल्या शेजाऱ्यांचे नाव यादी तयार झाली तेव्हा लागले असावे. त्यांच्याशी भांडू नका.

आपली मुलगी बारावीला आहे असे पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे, माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर सवलत जाते. उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला आत्ताच काढा. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 15 दिवसांची असली, तरी जूनमध्ये सगळेच एकदम रांगेत असतात. चार माणसांचे वीस किलो धान्य आणि एका मुलीचे औषधनिर्माणशास्त्राचे शुल्क यांची तुलना आपणच करावी.

प्रश्न: पलूसहून लिहिते. तीन मोफत सिलिंडर म्हणतात, पण गाडीवाला पूर्ण पैसे घेतल्याशिवाय टाकी उतरवत नाही. आमचे कनेक्शन यजमानांच्या नावावर आहे.

उत्तर: गाडीवाल्याचे बरोबर आहे. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत टाकी आधी पूर्ण किमतीला घ्यावी लागते आणि रक्कम नंतर खात्यात येते. मात्र यासाठी गॅसजोडणी महिलेच्या नावावर असावी लागते. यजमानांच्या संमतीने एजन्सीत नाव बदलून घ्या. उज्ज्वला योजनेतील किंवा ‘लाडकी बहीण’साठी पात्र महिलांच्या कुटुंबालाच, आणि एका रेशनकार्डावर एकाच लाभार्थीला, वर्षाला तीन टाक्यांचा हा लाभ मिळतो, एका महिन्यात एकापेक्षा अधिक नाही.

प्रश्न: माझ्या नावावर शिराळा तालुक्यात थोडी भातशेती आहे. मला ‘लाडकी बहीण’चे 500 च रुपये येतात. हजार कोण कापते?

उत्तर: कोणी कापत नाही. ‘पीएम किसान’चे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे 6,000, असे 12,000 आपल्याला मिळतात, त्याचे महिन्याला हजार होतात. 1,500 पर्यंतचा उरलेला फरक 500 रुपयांचा, तोच येतो.

प्रश्न: मी सांगलीतील निवृत्त माध्यमिक शिक्षक. या सगळ्या योजना म्हणजे खिरापत आहे असे मला वाटते. दीड हजार वाटण्यापेक्षा डाळ-तेलाचे भाव आवरावेत, लोकांना काम द्यावे. आपण या सदरातून लोकांना हात पसरायला शिकवत आहात.

उत्तर: सर, काम द्यावे हे आपले म्हणणे या जिल्ह्याला नवे नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूरला केला, आणि मागेल त्याला काम हा हक्क महाराष्ट्राने 1977 मध्ये कायद्यात आणला. माझाही कल त्याच बाजूचा आहे. पण मागे ज्यांची पत्रे आली, त्यांच्यातली एक बाई शेडवर राबते, एक गृहस्थ मागावर बारा तास उभे राहतात. यांना काम नाही असे नाही. कामाच्या पैशात महिना भागत नाही.

आपल्या आक्षेपात मला जे पटते ते वेगळे आहे. या रकमा एकदा ठरल्या, की ठरल्या. आपल्या निवृत्तिवेतनावरील महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. केंद्रात तो जानेवारी आणि जुलैपासून असा वर्षातून दोनदा नव्याने ठरतो आणि राज्य मागोमाग तो लागू करते. रोजगार हमीचा दरही दरवर्षी बदलत आला आहे. 2024-25 मध्ये तो 297 होता, पुढच्या वर्षी 312 झाला. ‘लाडकी बहीण’चे 1,500 मात्र जुलै 2024 मध्ये सुरू झाले आणि त्यांना कोणताही निर्देशांक बांधलेला नाही, तेलाचा डबा महागला म्हणून ते आपोआप वाढत नाहीत. वाढवायचे तर नवा शासन निर्णय लागतो, आणि तो निवडणुकीच्या आसपास निघतो की भावाच्या आसपास, हे आपण शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवले असल्याने मी सांगायला नको.

आणि ज्यांना आपण हात पसरणारे म्हणता, त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्यांचे पाहा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 80 वर्षांखालील व्यक्तीसाठी महिन्याला 200 रुपये आहे. 2011 मध्ये 80 वर्षांवरील लोकांसाठी तो 500 केला गेला, बाकीच्यांचा 200 च राहिला. त्यावर राज्य स्वतःची भर घालते म्हणून येथे वृद्धांच्या हाती 1,500 पडतात. केंद्राच्या हिश्श्याचे ते 200 रुपये त्या साली जेवढे होते, तेवढेच आहेत.