रकाना रिकामा राहू दे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. वर तुझं नाव घातलं नाही ते मुद्दाम. पत्र कुणाच्या फोनवरून कुणाच्या फोनवर जाईल, सांगता येत नाही. मराठीत लिहितेय ते आई-बाबांनाही वाचता यावं म्हणून. तू चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून आलीस, पण कुठे अडलीस तर आईकडून वाचून घे. तिनेही हे वाचायलाच हवंय.

रविवारी तू लॅपटॉप उघडून कॉलेजचा अर्ज दाखवलास तेव्हा मी गप्प बसले, कारण समोर बाबा होते. सोशलच्या, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरच्या, रकान्यात नऊ आकडे भरलेले. हा नंबर कुणाचा, विचारलं तर तू म्हणालीस, "कुणाचाच नाही काकू. रिकामं बरं दिसत नव्हतं." आणि खाली नागरिकत्वाच्या प्रश्नाला 'यूएस सिटिझन'वर टिक. बाबांच्या गॅस स्टेशनवरच्या कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, कॉलेजवाले कुठे तपासत बसतात!

आधी ती दोन्ही उत्तरं पुसून ये. पत्र मग वाच.

पुसलंस? आता का ते सांगते. तुमच्यासारखं व्हिसाची मुदत उलटून इथे राहणं हा एक प्रकार झाला, आणि त्यातून पुढेमागे वाट निघू शकते. पण आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असं खोटं सांगणं हा अगदी वेगळा प्रकार आहे. १९९६ च्या कायद्याने त्याला जन्मभराची बंदी ठेवलीय आणि माफी जवळजवळ नाहीच. उद्या तुझं एखाद्या नागरिकाशी लग्न झालं, इथल्या संसदेने, काँग्रेसने, नवा कायदा केला, ग्रीन कार्डाचं कुठलंही दार किलकिलं झालं, तरी ही एवढीशी टिक आडवी येऊ शकते. अर्ज अजून सबमिट केला नव्हतास, हे नशीब समज.

रिकामा रकाना मात्र खोटं बोलत नाही. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना मिळून जो एकच अर्ज करतो त्यात, सोशल नंबर सक्तीचा नाही. तो सोडून दे, फॉर्म पुढे जातो. जन्म कुठला, भारत. नागरिकत्व कुठलं, भारताचं. व्हिसा कुठला, तर नाही. जे आहे ते लिहायचं, जे नाही ते भरायचं नाही, आणि विचारलेलं नाही ते आपण होऊन सांगायचं नाही. बाबांना वाटतं, रिकामा रकाना दिसला की कुणीतरी दारात येऊन उभं राहील. त्यांची भीती मला कळते, पण अर्ज वाचणाऱ्यांनी असे रिकामे रकाने पुष्कळ पाहिलेले असतात.

तू विचारलंस, "मला कॉलेजात जायची परवानगी तरी आहे का?" आहे. शाळेचा हक्क तर सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या टेक्सासच्या खटल्यात दिला. मुलाकडे इथे राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत म्हणून सरकारी शाळा त्याला नाकारू शकत नाही. तो निकाल बारावीपर्यंतच पुरतो. पण कागद नसलेल्या मुलाला कॉलेजने घेऊ नये असाही केंद्राचा कायदा नाही. ते राज्यावर आणि त्या त्या कॉलेजवर सोडलेलं आहे. म्हणून तुझ्या यादीतून जॉर्जिया टेक काढ. जॉर्जियातली चुरशीची सरकारी विद्यापीठं अशा मुलांना घेत नाहीत. दक्षिण कॅरोलायनाने तर २००८ पासून सगळ्याच सरकारी कॉलेजांची दारं लावून घेतलीत.

डाकाची आशाही सोड, म्हणजे रोज रात्री त्याच बातम्या वाचत बसणार नाहीस. लहानपणी इथे आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी ती योजना जून २०१२ ची, आणि तिची अट १५ जून २००७ पासून सलग इथे राहिलेलं असण्याची. त्या दिवशी तुझा जन्मही झाला नव्हता.

आता पैसे. वर्गात सगळ्यांना फॅफ्सा भरायला बसवतील, तेव्हा तू भरू नकोस. ती केंद्राची मदत आहे, तुला मिळणार नाही, आणि तिथेही पुन्हा नागरिकत्वाचा रकाना आहे. तुझ्यासाठी न्यू जर्सीचा वेगळा फॉर्म आहे, न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड ॲप्लिकेशन. या राज्याने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा केला की, इथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकून इथूनच डिप्लोमा घेतलेल्या मुलाला कागद नसले तरी सरकारी कॉलेजात राज्यातल्या मुलांचीच फी लागेल. २०१८ मध्ये राज्याची आर्थिक मदतही खुली केली. तू नववीपासून इथे आहेस, म्हणजे जूनमध्ये डिप्लोमा हातात पडला की बसतेस. एक प्रतिज्ञापत्र सही करून द्यावं लागेल, की कायदेशीर होण्याची संधी मिळेल तेव्हा मी अर्ज करीन. त्यावर सही करताना हात कापेल. माझ्यासमोर बसून कर हवं तर.

फक्त हे नियम दगडावरची रेघ समजू नकोस. असा कायदा करणारं पहिलं राज्य टेक्सास, २००१ मध्ये. केंद्राने खटला भरला आणि २०२५ च्या जूनमध्ये एका दिवसात तो कायदा गेला, राज्याने बाजूही लढवली नाही. फ्लोरिडाने आपला कायदा स्वतःच मोडला. त्यामुळे माझ्या या पत्रावर विसंबू नकोस. ज्या आठवड्यात फॉर्म भरशील त्या आठवड्यात नियम पुन्हा बघायचा.

कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं तेव्हा तुझा चेहरा पडला. मैत्रिणी बॉस्टनला आणि मिशिगनला निघाल्यात, आपण घराजवळच्या काउंटी कॉलेजात, असंच ना? घरचं वार्षिक उत्पन्न ६५,००० डॉलरच्या आत असेल तर राज्याच्या अनुदानातून तिथली ट्यूशन फुकट होते, आणि तुझ्यासारख्यांनाही ते मिळतं. दोन वर्षांनी असोसिएट डिग्री घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला की तिथले क्रेडिट धरले जातात. २००७ पासून तसा कायदाच आहे. मंडळात सांगायला भारी वाटणार नाही, एवढाच काय तो तोटा.

आणि दुसऱ्या टोकाला प्रिन्स्टनचाही अर्ज कर. हसू नकोस. तुझं गणित मी तीन वर्षं पाहतेय. ते शंभरातल्या पाच जणांनाही घेत नाहीत हे खरं. पण घेतात तेव्हा घरचे पैसे बघत नाहीत, कागद नसलेल्या मुलालाही बाकीच्यांइतकीच मदत देतात, आणि तीही कर्ज न देता. या दोहोंच्या मधली जी खाजगी कॉलेजं आहेत तिथेच गोम आहे. काही जण तुला इथल्या हायस्कूलची मुलगी धरतात, काही जण परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत टाकतात, आणि त्या रांगेत मदत फार थोड्यांच्या वाट्याला येते. अर्जाची फी भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल टाकून विचारायचं. ईमेल माझ्या पत्त्यावरून जाईल, "माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी" म्हणून.

सांगायचं कुणाला? शाळेच्या काउन्सेलरला सांग, पण एकटीनं, दार लावून. तुझ्या शाळेच्या कागदांना १९७४ च्या फर्पा कायद्याचं संरक्षण आहे, काही अपवाद सोडले तर ते तुमच्या संमतीशिवाय कुणाला दाखवत नाहीत. कॉलेजात गेल्यावर पहिल्या आठवड्यात रजिस्ट्रारकडे जाऊन सांगायचं की माझा पत्ता-फोन डिरेक्टरीत नको. डिरेक्टरीतली माहिती संमतीशिवायही देता येते, हे कलम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मैत्रिणींना सांगायची घाई करू नकोस.

मंडळातल्या लोकांविषयी तू जे बोललीस ते मनाला लागलं. गणपतीत कुणीतरी जेवताना "हे इल्लीगल लोक" म्हणून सुरू झालं आणि तू ताट घेऊन उठलीस. अगं, २००१ मध्ये यांची नोकरी गेली तेव्हा आम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, होतो. आता नोकरी गेली तर ६० दिवस मिळतात, तेव्हा तेही नव्हते. दुसरी नोकरी लागेपर्यंतचे सात आठवडे आम्ही कोण होतो? टपालपेटी उघडताना पोटात गोळा यायचा. पुढे ते निस्तरलं, ग्रीन कार्ड आलं, आणि आता आम्हीही मंडळात मोठ्या आवाजात बोलतो. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी असं काहीतरी झालेलं असेल. फक्त ते कुणी बोलत नाही.

वकिलाचं आता आई-बाबांसाठी लिहिते. ज्या 'कन्सल्टंट'ने तुमच्याकडून पैसे घेतले आणि मग फोन उचलणं बंद केलं, तो वकील नव्हता. इमिग्रेशनचा सल्ला वकिलाकडूनच घ्यायचा. रटगर्सच्या लॉ स्कूलमध्ये स्थलांतरितांसाठी क्लिनिक आहे, तिथून सुरुवात करू. आणि हे लवकर करायचं, कारण फेब्रुवारीत ही १८ वर्षांची होतेय. बेकायदा राहण्याचे दिवस १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून मोजतात. त्यानंतर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. म्हणजे ऑगस्ट ही तारीख आहे. आजी इचलकरंजीहून म्हणते, "पोरीला इकडे पाठवा, पुण्यात शिकेल." तो रस्ता खुला आहे, ती भारताची नागरिकच आहे. पण गेल्यावर पुन्हा व्हिसा मिळेल याची खात्री कुणी देणार नाही, आणि तुम्ही दोघं इथून तिला भेटायला जाऊ शकणार नाही. मी जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. पण ऑगस्ट उलटून गेल्यावर ही तारीख कळली असं होऊ नये.

नर्सिंगचंही बोलायला हवं. नर्सला नोकरी हमखास, म्हणून तू ते निवडलंस. न्यू जर्सीत २०२० पासून कागद नसले तरी व्यवसायाचं लायसन्स मिळू शकतं. पण लायसन्स म्हणजे वर्क परमिट नव्हे. १९८६ पासून प्रत्येक मालकाला नोकरी देताना आय-नाइन, म्हणजे कामाची परवानगी तपासणारा फॉर्म, भरून घ्यावा लागतो, आणि हॉस्पिटलं त्यात काटेकोर असतात. डिग्रीने स्टेटस मिळत नाही, हे तुला आजच सांगितलेलं बरं. म्हणूनच नोकरीच्या हिशोबाने विषय निवडू नकोस. तुला रात्री बारापर्यंत जागून काय करावंसं वाटतं ते मला ठाऊक आहे, आणि ते नर्सिंग नाही.

यावरूनच निबंधाकडे येते. साडेसहाशे शब्दांची मर्यादा, आणि तुझं पहिलंच वाक्य "मी अनडॉक्युमेंटेड आहे". मग विमान, मग रडणारी आई, मग स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. बाळा, तो पुतळा तू पाहिलायस तरी का? विमानातून उतरून तुम्ही थेट मामेकाकांच्या बेसमेंटमध्ये आलात, हे तूच मला सांगितलंयस.

ही चूक माझ्याच हातून एकदा झालीय. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी म्हटलं, तुझं दुःख लिही, वाचणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत. त्याने लिहिलं. प्रवेशही मिळाला. पण नंतर तो म्हणाला, "काकू, त्या कॉलेजात मी जिथे जातो तिथे आधी तो निबंध जाऊन बसलेला असतो." त्यानंतर मी कुणाला तसं सांगितलं नाही. स्टेटसबद्दल लिहायचं की नाही हे तू ठरव. लिहिलंस तर दोन वाक्यांत लिही, आणि बाकी सगळे शब्द तुझे असू देत.

तुमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. आई चाळीस डबे करते, आणि कुणाचा खाडा असेल त्या तारखेवर त्याचं आद्याक्षर लिहिते. 'सं. ३', 'प. १', शाईचे डाग, एका कोपऱ्यात हळदीचा अंगठा. दोन वर्षांपूर्वी तू त्याची स्प्रेडशीट केलीस. आणि मग तुझ्या लक्षात आलं की संकष्टीला पोळ्या उरतात, पण सगळ्याच संकष्ट्यांना सारख्या उरत नाहीत. शुक्रवारी आली तर मुलं बाहेर जेवतात, मंगळवारी आली तर अंगारकी म्हणून एरवी न करणारेही उपास करतात. आता तू आदल्या रात्री आईला सांगतेस, उद्या कणीक किती भिजव. गेल्या महिन्यात मी विचारलं, चुकतं का गं? तर म्हणालीस, "चुकतं ना, म्हणूनच मजा येते. कुठे चुकलं ते शोधायला मिळतं."

हे वाक्य अर्जात कुठेच नाही. पुतळा आहे.

शनिवारी दहाला लायब्ररीत ये, मागच्या टेबलावर, खिडकीजवळ. बाबांना म्हणावं तुमची रात्रपाळी असते, झोपा, ती एकटी येईल. पासपोर्ट आण (कधी संपतोय तेही बघून ये), आय-नाइंटीफोरची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, प्रत मिळाली तर ती, शाळेची ट्रान्स्क्रिप्ट, बाबांचे दोन वर्षांचे टॅक्सचे कागद. आणि यंदाचं कालनिर्णय भिंतीवरून काढू नकोस, आईची पंचाईत होईल. गेल्या वर्षीचं आण. तिने ते टाकलेलं नाही, कपाटावर गुंडाळून ठेवलंय, मी पाहिलंय.

तुझी,
काकू