‘परमेश्वरावर भाव ठेव’ यात भाव म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय की ऑफिसातल्या एका मराठी ख्रिश्चन मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि तिने स्टेटस टाकलं, ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुध्दीवर अवलंबून राहू नकोस’. विचारणाऱ्याला वाटतंय की ‘भाव’ हा टायपो आहे, ‘विश्वास’ पाहिजे होतं, कारण भाव म्हणजे तर रेट.

नाही हो, टायपो नाहीये. हे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन आहे आणि मराठी बायबलात तिथे ‘भाव ठेव’ असंच छापलेलं आहे. पण तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, मुंबईत आपण भाव देतो, भाव खातो, मार्केटात कोळणीला विचारतो की पापलेटचा काय भाव ठेवलाय आज. त्यामुळे कान तिकडेच जातो.

आता हा भाव तोच जो ‘देव भावाचा भुकेला’ मध्ये आहे, तुकोबांच्या ‘भाव तैसें फळ’ मध्ये आहे. फरक एवढाच की वारकरी बोलण्यात भाव बहुतेक ‘धरतात’ आणि बायबलमध्ये ‘ठेवतात’. मला वाटतं हे उसनं नाही, घरचंच आहे. ख्रिश्चन झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, तर त्या पुलावरून शब्दही येणारच ना.

मग ‘विश्वास’ का नाही? तो शब्द ख्रिश्चन मराठीत भरपूर आहे, पण तिथे त्याला जरा वेगळं काम आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याला तारणारा मानणं, आणि तसं मानणारे ते ‘विश्वासणारे’, हा शब्द चर्चबाहेर कुठे ऐकायला मिळत नाही. (आपला ‘विश्वासू’ वेगळा, त्याच्यावर दुसरे विश्वास ठेवतात.) तशी विश्वासाची व्युत्पत्ती मला फार आवडते, श्वस् म्हणजे श्वास घेणे, म्हणजे ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो तो विश्वास. आणि ‘भरवसा’? बायबलमध्ये तोही आहे, पण रोजच्या बोलण्यात बघा, भरवसा आपण जवळपास फक्त नसलेलाच बोलतो, पावसाचा भरवसा नाही, लोकलचा भरवसा नाही, आणि वर भरवशाच्या म्हशीला टोणगा. नोकरी गेलेल्या माणसाला ‘भरवसा ठेव’ म्हटलं की तो टोणगा आधी डोळ्यांपुढे येतो, निदान माझ्या तरी.

नीतिसूत्रं मुळात हिब्रू आहेत आणि तिथलं क्रियापद आहे ‘बाताह’, म्हणजे निर्धास्तपणे कोणावर तरी विसंबणं. पण हिब्रू येत नसलं तरी चालेल, कारण त्याच वचनाचा दुसरा अर्धा भाग अर्थ सांगून टाकतो. ‘बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ यात मुळात जो शब्द आहे त्याचा अर्थ टेकणं, अंगाचा भार टाकणं असा आहे. म्हणजे स्वतःच्या हिशेबावर रेलू नकोस, तिकडे रेल. तेव्हा भाव ठेवणं म्हणजे ‘सगळं नीट होणारच’ असं मनाला पटवत बसणं नाही, भार कुठे टाकायचा ते ठरवणं आहे.

हे मला कोशातून नाही कळलं. भायखळ्याला आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, मराठी चर्चमध्ये जायच्या. त्यांचा मुलगा परळला ॲडमिट होता, आई डबा घेऊन गेली तेव्हा मी पण बरोबर होतो. मावशी बाकावर नव्हत्याच, कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसलेल्या, पाठ आणि डोकं दोन्ही भिंतीला टेकवून, मांडीवर कव्हर निघालेलं बायबल, ते पण बंद. आई म्हणाली मी नवस बोललेय, पोरगा बरा झाला की अमुक करीन. मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, ‘ताई, मी त्याच्याशी भाव नाही करत, भाव ठेवते.’ आईला राग आला होता, रस्ताभर बडबडत होती. मुलगा दीडेक महिन्याने गेला. मावशी पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला जिना उतरून चर्चला गेल्या, पायरी पायरीवर थांबत, आणि आईने त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा हात धरून त्यांना गेटपर्यंत सोडलं.

वसईकडच्या किंवा मुंबईतल्या कॅथलिक मंडळींच्या तोंडी याच जागी ‘श्रद्धा’ जास्त येते, तेही चूक नाही. पण वचन जसं छापलंय तसं टाकलं असेल तर भावच.

बाकी त्या स्टेटसमध्ये चूक काढायचीच असेल तर ती ‘बुध्दीवर’ मध्ये आहे, द ला ध जोडायचा असतो, ध ला द नाही. बुद्धीवर. पण ते आत्ता तिला सांगू नका.